जंगल कामगार सहकारी संस्था आणि ग्रामीण प्रादेशिक विकास : उदगीर व किनवट परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सहकारी चळवळीचा इतिहास प्रामुख्याने पतपुरवठा संस्था, साखर कारखाने, सूतगिरण्या आणि दूध संघ यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. बागायती शेतकरी हा या इतिहासाचा नायक आहे. याच चळवळीचा एक प्रवाह मात्र ऊसपट्ट्याच्या बाहेर, सह्याद्री व सातपुड्याच्या डोंगराळ भागात जन्मला. त्याचे सभासद भूमिहीन किंवा अल्पभूधारक आदिवासी मजूर होते आणि भांडवल म्हणून त्यांच्याजवळ कुऱ्हाड व अंगमेहनत यांपलीकडे फारसे काही नव्हते. १९४७ पासून तत्कालीन मुंबई प्रांतात स्थापन होऊ लागलेल्या जंगल कामगार सहकारी संस्था हाच तो प्रवाह होय.

प्रस्तुत निबंधात या संस्थांचा उदय, त्यांची कार्यपद्धती, त्यांचे ग्रामीण विकासातील योगदान आणि त्यांच्या ऱ्हासाची कारणे यांचा परामर्श घेतला आहे. हा परामर्श मराठवाड्याच्या दृष्टीने, विशेषतः वनसंपन्न किनवट आणि जवळजवळ वनहीन उदगीर या दोन परिसरांच्या तुलनेतून घेतलेला आहे. निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, जंगल कामगार सहकारी संस्थांनी मजुराला ठेकेदाराच्या तावडीतून मोठ्या प्रमाणात सोडविले. परंतु जंगलावरील निर्णयाचा अधिकार त्याला मिळवून दिला नाही. त्यामुळे शासनाचे वनविषयक धोरण बदलताच या संस्थांचा आधार निखळला. वनाधारित सहकाराचा विचार करणाऱ्या कोणत्याही प्रदेशाने या अनुभवाचा बोध घेणे आवश्यक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ठेकेदारी आणि वेठ

१८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव व संरक्षित वनांची व्यवस्था निर्माण केली आणि १९२७ च्या कायद्याने ती अधिक पक्की केली. जंगल ही सरकारी मालमत्ता आणि महसुलाचे साधन ठरले. वनखाते कार्य आयोजनेनुसार जंगलाचे तुकडे, म्हणजेच कूप, आखीत असे आणि लिलावाने ते तोडीसाठी ठेकेदारांना देत असे. ठेकेदार पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत आदिवासी कुटुंबांना धान्य किंवा उचल देई आणि तोडीच्या हंगामात त्या मोबदल्यात काम करवून घेई. हिशेब ठेकेदाराच्या वहीत राही. ज्या मजुराला अक्षरओळख नव्हती, त्याच्या दृष्टीने ती वही म्हणजे न संपणारे कर्ज होते.

१९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांतातील काही आदिवासी भाग ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले होते. १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांच्या नेतृत्वाखाली प्रांतिक मंत्रिमंडळ सत्तेवर आल्यानंतर या भागांतील परिस्थितीच्या चौकशीचे काम डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. त्यांच्या अहवालाने सावकारी, वेठबिगार, लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे ‘लग्नगडी’ आणि जंगल ठेकेदारांकडून होणारे शोषण या बाबी सरकारी दप्तरात अधिकृतपणे नोंदविल्या. याच सुमारास विधायक कार्यकर्त्यांचेही काम उभे राहत होते. दादासाहेब बिडकर यांनी १९३७ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागात डांग सेवा मंडळाची स्थापना केली, तर ठाणे जिल्ह्यात खेरांच्या प्रेरणेने १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ सुरू झाले.

या प्रश्नाला निकड आली ती मात्र आदिवासींच्या स्वतःच्या चळवळीमुळे. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या चळवळीचे नेते होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात आदिवासी बळी पडले. १९४६ मध्ये जंगलकामासाठी सव्वा रुपया रोजाची मागणी पुढे आली आणि मजुरांनी काम थांबविताच लाकूड व्यापार ठप्प होऊ शकतो, हे प्रथमच दिसून आले. जंगल कामगार सहकारी संस्थांच्या जन्माची चर्चा करताना या घटनेचा विसर पडणे योग्य नाही. सहकाराचा मार्ग शासनाने स्वीकारला त्यामागे खेरांसारख्यांचा सेवाभाव होता, त्याचप्रमाणे डोंगरातून उठलेला संघर्षही होता.

संस्थांचा उदय आणि कार्यपद्धती

१९४६ मध्ये खेर पुन्हा सत्तेवर आले. त्यांच्या मंत्रिमंडळात सहकारी चळवळीचे जाणते नेते वैकुंठभाई मेहता होते. १९४७ पासून ठाणे, नाशिक, पश्चिम खानदेश आणि गुजरातमधील आदिवासी भागांत जंगल कामगार सहकारी संस्थांचा प्रयोग सुरू झाला. जाहीर लिलावात श्रीमंत ठेकेदाराशी स्पर्धा करणे या संस्थांना शक्य नव्हते, म्हणून काही कूप लिलावाविना, निश्चित अटींवर त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. हा निर्णय या संपूर्ण प्रयोगाचा पाया होता. पुढे त्याच्या ऱ्हासाचे बीजही त्यातच दडलेले आढळते.

संस्थेची रचना साधारणपणे पुढीलप्रमाणे असे. परिसरातील जंगल मजूर अल्प रकमेचा भाग घेऊन सभासद होत. समाजसेवेचे काम करणारी एखादी संस्था किंवा कार्यकर्ता ‘पुरस्कर्ता’ म्हणून मार्गदर्शन करी. हिशेब, पत्रव्यवहार आणि बँकेशी संबंध ही कामे प्रारंभी बहुतांशी तोच पाही. वनखाते तोडावयाच्या झाडांवर हातोडीची निशाणी करून कूप संस्थेच्या ताब्यात देई. पावसाळा संपल्यावर तोड सुरू होई. बुंधा जमिनीलगत कापणे, फांद्या साफ करणे, इमारती लाकूड, वासे व जळाऊ लाकूड वेगळे रचणे, काही ठिकाणी कोळशाच्या भट्ट्या लावणे आणि तयार माल आगारापर्यंत पोहोचविणे, ही कामे उन्हाळा संपेपर्यंत चालत. खेळते भांडवल जिल्हा सहकारी बँकेकडून मिळे. मालाच्या विक्रीनंतर खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यात शासन व संस्था यांचे हिस्से ठरलेले असत.

या पद्धतीने मजुराच्या जीवनात तीन ठळक बदल घडवून आणले. पहिला बदल मजुरीचा होता. कामाचे माप आणि त्याचा दर आधी जाहीर होऊ लागला व मजुरी रोखीने मिळू लागली. दुसरा बदल पावसाळ्यातील उचलीचा होता. खावटी कर्ज संस्थात्मक मार्गाने मिळू लागल्यामुळे ठेकेदाराकडे जाण्याची सक्ती कमी झाली. तिसरा बदल सामाजिक स्वरूपाचा होता. नफ्याचा काही भाग शाळा, वसतिगृहे, विहिरी आणि औषधोपचार यांसाठी खर्च होऊ लागला. सभेत बसणे, ठराव मांडणे, हिशेब विचारणे या गोष्टी ज्यांना पूर्वी अपरिचित होत्या, त्यांतील काही जण पुढे संस्थांचे अध्यक्ष आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी झाले.

राष्ट्रीय पातळीवरही या प्रयोगाची दखल घेतली गेली. उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखालील अनुसूचित क्षेत्रे व अनुसूचित जमाती आयोगाने १९६१ च्या अहवालात मुंबई राज्यातील या संस्थांच्या कामाची नोंद घेऊन इतर राज्यांनी असा मार्ग अनुसरावा, असे सुचविले. पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानेही ठेकेदारांच्या जागी आदिवासी सहकारी संस्था, मजूर सहकारी संस्था व शासकीय महामंडळे यांसारख्या संस्था आणाव्यात, असे स्पष्टपणे म्हटले.

मराठवाड्याचा वेगळा वारसा

हा सर्व घटनाक्रम मुंबई प्रांतातील आहे. त्या काळात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हा भाग बीदर जिल्ह्यात मोडत असे, तर आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट परिसर आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. त्यामुळे या प्रदेशाचा वनविषयक इतिहास ठाणे-नाशिकच्या इतिहासापेक्षा वेगळ्या वाटेने गेला.

आदिलाबादच्या जंगलात गोंड, कोलाम, आंध इत्यादी जमातींची वस्ती होती. राखीव वनांच्या सीमा वाढत गेल्या तसे त्यांचे पारंपरिक शेतीचे क्षेत्र आक्रसत गेले. बाहेरून आलेल्या सावकार व जमीनदारांनी उरलेल्या जमिनीही घेतल्या. याविरुद्ध उभा राहिलेला कुमराम भीमू १९४० मध्ये जोडेघाट येथे मारला गेला. या उठावानंतर संस्थानी सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या अभ्यासाच्या आधारे गोंडांना जमिनीचे पट्टे देणे, त्यांच्यासाठी शाळा उघडणे आणि स्वतंत्र प्रशासकीय व्यवस्था करणे असे उपाय योजण्यात आले. या कामात निलंगा येथे १९१० मध्ये जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांचा महत्त्वाचा सहभाग होता. संस्थानच्या सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम केले आणि गोंडी भाषा आत्मसात केली. उदगीरच्या शेजारच्या तालुक्यातील एका अभ्यासकाचे नाव अशा रीतीने किनवटच्या पलीकडील जंगलाशी जोडले गेले आहे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. मुंबई प्रांतात आणि हैदराबाद संस्थानात, दोन्हीकडे आदिवासींच्या उठावानंतरच शासन हलले. परंतु दोन्ही सरकारांनी दिलेली उत्तरे भिन्न होती. हैदराबादने मुख्यतः जमीन, शिक्षण आणि प्रशासकीय संरक्षण दिले, तर मुंबईने मजुरी आणि सहकार यांवर भर दिला. एका ठिकाणी आदिवासीकडे शेतकरी म्हणून पाहिले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी कामगार म्हणून. मात्र जंगलाचा व्यवस्थापक म्हणून त्याच्याकडे दोन्ही ठिकाणी पाहिले गेले नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनुसार मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. किनवट आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला आणि उदगीर बीदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आल्यावर उदगीर त्याचा भाग बनले. या फेरबदलामुळे मुंबईचे जंगल कामगार सहकाराचे धोरण मराठवाड्याच्या वनक्षेत्रालाही लागू होण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र ज्या सामाजिक कार्याच्या बळावर ठाणे-नाशिकमधील संस्था उभ्या राहिल्या होत्या, त्याची परंपरा केवळ शासकीय आदेशाने स्थलांतरित होणे शक्य नव्हते. सहकारी संस्थेची नोंदणी एका दिवसात होऊ शकते. तिच्या मागे उभी राहणारी कार्यकर्त्यांची पिढी घडण्यास दशके लागतात.

सहकाराची मर्यादा : कच्चा माल कोणाचा?

जंगल कामगार संस्थांच्या मर्यादा समजून घेण्यासाठी त्यांच्या समकालीन असलेल्या साखर सहकाराशी तुलना करणे उपयुक्त ठरते. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. म्हणजे दोन्ही प्रयोग साधारणतः एकाच काळातले, एकाच राज्यातले आणि काही प्रमाणात त्याच धुरिणांच्या पाठिंब्याने उभे राहिलेले आहेत. तरीही एकाने संपूर्ण प्रदेशाचे अर्थकारण व राजकारण बदलले आणि दुसरा परिघावरच राहिला. याचे मूळ कारण मालकीत आहे.

साखर कारखान्याचा सभासद उसाचा मालक होता. ऊस त्याच्या शेतात उभा होता आणि तो किती लावावा याचा निर्णय तो स्वतः घेत होता. कारखाना उभारून त्याने प्रक्रियेतील मूल्यवृद्धीही आपल्या हाती घेतली. जंगल कामगार संस्थेचा सभासद ज्या सागावर कुऱ्हाड चालवीत होता, तो साग शासनाचा होता. कोणता कूप तोडावयाचा, कोणत्या वर्षी तोडावयाचा, किती झाडे राखावयाची, याबाबत कार्य आयोजना तयार करताना त्याचे मत विचारले जात नव्हते. तोडीनंतर त्या जागी काय वाढेल, याच्याशीही संस्थेचा संबंध उरत नव्हता. लाकूड कापण्याच्या गिरण्या, फर्निचर किंवा बांबूकाम यांसारखे प्रक्रिया उद्योग अपवादानेच उभे राहिले. परिणामी लाकडाच्या मूल्यवृद्धीचा मोठा भाग शहरातील व्यापाराकडे गेला.

या मूलभूत मर्यादेत इतर दोषांची भर पडली. पुरस्कर्त्या कार्यकर्त्यांची पहिली पिढी मागे पडल्यावर अनेक ठिकाणी हिशेबाची सूत्रे बिगर-आदिवासी मध्यस्थांच्या हाती राहिली. काही संस्था नावाला सहकारी व प्रत्यक्षात ठेकेदाराच्या ताब्यात असल्याच्या तक्रारी झाल्या. काम हंगामी असल्याने वर्षातील उरलेल्या महिन्यांत स्थलांतर थांबले नाही. या दोषांची चर्चा पुष्कळदा नैतिक पातळीवर केली जाते. तथापि ज्या संस्थेचे अस्तित्व दरवर्षी मिळणाऱ्या कुपावर अवलंबून असते, तिच्यात कूप मिळवून देऊ शकणाऱ्या व्यक्तीचे वर्चस्व वाढणे स्वाभाविक होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

धोरणातील बदल आणि ऱ्हास

१९७० च्या दशकापासून परिस्थिती बदलू लागली. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ आणि १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले. राष्ट्रीय कृषी आयोगाच्या शिफारशींनुसार औद्योगिक गरजांसाठी वनोत्पादन वाढविण्याचा विचार प्रबळ झाला आणि वनक्षेत्राचा काही भाग महामंडळाकडे सोपविण्यात आला. शासकीय महामंडळ व सहकारी संस्था या दोन्ही रूपांनी ठेकेदार दूर झाला, हे खरे. परंतु महामंडळाच्या व्यवस्थेत मजूर पुन्हा केवळ मजूर राहिला.

१९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमिनीच्या अन्य वापरावर केंद्राचे नियंत्रण आणले. १९८८ च्या वन धोरणाने वनांचे प्रमुख कार्य महसूल नसून पर्यावरणीय समतोल आहे, असे मानले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या अंतरिम आदेशानुसार केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय वृक्षतोड करण्यास मनाई झाली. वनांच्या रक्षणाच्या दृष्टीने हे निर्णय आवश्यक होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण त्यांचा भार कोणावर पडला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. कूप थांबले की संस्थेचे काम थांबे. कर्ज, कर्मचाऱ्यांचे पगार व इमारती मात्र शिल्लक राहत. ज्या संस्थांना केवळ तोडीचे काम देण्यात आले होते, त्यांना संवर्धनाचे काम करण्यासाठी सिद्ध केले गेले नव्हते. पन्नास वर्षांत तोड करणाऱ्या हातांना रोपण, राखण आणि पुनरुत्पादन यांची जबाबदारी व त्यातील वाटा दिला असता, तर धोरण बदलल्यावर त्या संस्था निरुपयोगी ठरल्या नसत्या.

मालकीच्या या प्रश्नाला पुढील काळात वेगळ्या मार्गाने उत्तर मिळू लागले. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि त्यापाठोपाठ महाराष्ट्राने १९९७ मध्ये केलेल्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील गौण वनोपजांवर ग्रामस्तरीय मालकी मान्य केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची तरतूद केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. येथे सहकार संस्थेच्या नोंदणीपासून सुरू झाला नाही. आधी गावाचा एकोपा, मग हक्क आणि त्यानंतर विक्रीची व्यवस्था असा त्याचा क्रम होता. १९४७ च्या प्रयोगात हा क्रम उलटा होता. १९८५ च्या आदेशानुसार किनवट तालुक्यातील गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. त्यामुळे तेथील गोंड, कोलाम व आंध समाजाच्या दृष्टीने मेंढ्याचा हा अनुभव ठाणे-नाशिकच्या जुन्या अनुभवाइतकाच महत्त्वाचा आहे.

उदगीर परिसर : वनाविना वनसहकार?

उदगीरचा प्रश्न किनवटच्या अगदी विरुद्ध टोकाचा आहे. महाराष्ट्राच्या भौगोलिक क्षेत्रापैकी सुमारे २० टक्के क्षेत्र वन म्हणून नोंदलेले असताना लातूर जिल्ह्यातील वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. बालाघाटच्या पठारावरील या प्रदेशात झाड म्हणजे बांधावरील बाभूळ, लिंब व आंबा. शेतीची अवजारे, बैलगाडी, घराची माळवदे आणि चूल यांच्या गरजा पूर्वी याच झाडांनी भागविल्या. गावाची कुरणे आणि गायराने ही येथील खरी सामूहिक संपत्ती होती. देवणी गोवंशाचे नाव ज्या गावावरून पडले ते देवणी याच परिसरात आहे आणि नांदेड भागातील लाल कंधारी गोवंशही जवळचाच आहे. चाऱ्याच्या आणि कुरणांच्या आधाराशिवाय हे गोवंश घडले नसते. म्हणजे या प्रदेशात वनविषयक प्रश्नाचे स्वरूप इमारती लाकडाचे नसून चारा, सरपण व पाणी यांचे आहे. लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना त्याचे गांभीर्य सांगण्यास पुरेशी आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेतून आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक वनीकरण विभागामार्फत गायरानांवर, रस्त्यांच्या कडेला व पडीक जमिनींवर वृक्षलागवड हाती घेण्यात आली. परंतु मराठवाड्यातील गायरान ही मोकळी, विनावापराची जमीन नव्हती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून दलित व भूमिहीन कुटुंबांनी गायरानांवर शेती करण्याचा हक्क मागितला होता. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात सामूहिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले. भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद त्यातही मान्य केले होते. गायरानावर झाड लावण्याचा निर्णय हा त्यामुळे येथे केवळ पर्यावरणाचा निर्णय राहत नाही. एकाच जमिनीवर पशुपालकाचा चारा, भूमिहीनाची भाकरी आणि शासनाचे वनीकरण असे तीन दावे आहेत. यांपैकी एकाला वगळून स्थापन झालेली वृक्ष सहकारी संस्था गावात टिकणार नाही.

खाजगी शेतीतील वृक्षांबाबत नाशिकचा अनुभव मार्गदर्शक आहे. विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये नाशिक जिल्ह्यात निलगिरी उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. या प्रयोगात झाडाचा मालक शेतकरीच होता. जंगल कामगार संस्थांना जे लाभले नाही, ते येथे प्रारंभापासून उपलब्ध होते. तथापि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशात निलगिरीच्या वाशांचे भाव घसरले, तेव्हा केवळ मालकी पुरेशी नसते, एकाच जातीवर व एकाच बाजारावर विसंबणे धोक्याचे असते, हेही स्पष्ट झाले. २०१७ मध्ये अध्यादेशाने व त्यानंतर कायद्यातील दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे लातूरसारख्या जिल्ह्यात शेतातील बांबूला नवे महत्त्व आले आहे. येथे उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली, तर तोड, वाहतूक आणि प्रक्रिया यांवर तिला प्रारंभापासून नियंत्रण ठेवता येईल. मात्र बांबू लावणारा जमीनधारक असतो आणि तो कापणारा मजूर बहुधा भूमिहीन असतो. त्या मजुराला सभासदत्व न देता केवळ उत्पादकांचा संघ स्थापन झाला, तर १९४७ पूर्वीच्या कुपातील नाते उदगीरच्या शेतात नव्या नावाने निर्माण होण्याचा धोका राहील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) जंगल कामगार सहकारी संस्थांचा उदय हा विधायक कार्य, शासकीय पुढाकार आणि आदिवासींचा संघर्ष या तिन्हींच्या संयोगातून झाला. यांपैकी संघर्षाचा वाटा सहकाराच्या इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिला आहे.

२) या संस्थांनी मजुरीची निश्चिती, खावटीची सोय आणि सार्वजनिक जीवनातील सहभाग या मार्गांनी ग्रामीण विकासास निश्चित हातभार लावला. त्यांचे मूल्यमापन केवळ नफा-तोट्याच्या ताळेबंदावरून करणे अन्यायाचे होईल.

३) साधनसंपत्तीवरील मालकी, नियोजनातील सहभाग आणि प्रक्रिया उद्योग या तीन बाबींच्या अभावी या संस्था शासनाच्या कूपवाटपावर अवलंबून राहिल्या. १९९६ नंतरचा त्यांचा ऱ्हास हा या अवलंबित्वाचा परिणाम होय.

४) मराठवाड्यात एकच प्रारूप सर्वत्र लागू करणे उचित नाही. किनवटसारख्या वनक्षेत्रात सामूहिक वनहक्कावर आधारलेली ग्रामसभांची संघटना, तर उदगीरसारख्या वनहीन प्रदेशात चारा, सरपण व शेतातील वृक्ष यांवर आधारलेली आणि भूमिहीनांना सभासदत्व देणारी सहकारी संस्था, असे दोन स्वतंत्र मार्ग विचारात घ्यावे लागतील.

ठाण्याच्या जंगलातील मजुराने १९४६ मध्ये सव्वा रुपया रोज मागितला होता. सहकाराने त्याला योग्य मजुरी मिळवून दिली, ही या चळवळीची मोठी कामगिरी आहे. परंतु तो ज्या झाडाला कुऱ्हाड लावीत होता, ते झाड ठेवायचे की तोडायचे हे ठरविण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही. प्रादेशिक विकासाच्या दृष्टीने मजुरीइतकाच हा अधिकारही मोलाचा आहे. उदगीरच्या गायरानावर उद्या लागणाऱ्या रोपांबाबतही हाच प्रश्न प्रथम विचारला जाणे आवश्यक आहे.